गोव्यात बसून स्वीडनच्या एका क्लबचा हंगाम वहीत कसा लिहावा

जून लागला की गोव्यातल्या फुटबॉल पाहणाऱ्या माणसाला संध्याकाळी काय करावे ते सुचत नाही. इंग्लंड, स्पेन, इटली येथील साखळी स्पर्धा मे महिन्यात आटोपलेल्या असतात, फातोर्ड्यावरची मोठी स्पर्धाही बहुतेक वर्षी त्याआधीच संपते, आणि उन्हाळ्यात कापणी झालेल्या शेतांत रंगणाऱ्या गावच्या स्पर्धा पहिल्या सरीबरोबर मिटतात, कारण त्याच शेतांत आता तरवा लावायचा असतो. नेमक्या याच दिवसांत स्वीडनची सर्वोच्च साखळी स्पर्धा, म्हणजे अल्स्वेन्स्कान, ऐन भरात असते. तिकडचा हिवाळा बर्फाचा असल्यामुळे तेथील हंगाम मार्चअखेर किंवा एप्रिलच्या आरंभी सुरू होतो आणि नोव्हेंबरमध्ये संपतो. आपल्या भाषेत सांगायचे तर शिगम्याच्या आगेमागे चेंडू टाकला जातो आणि दिवाळीच्या आसपास विजेता ठरतो.

गेली काही वर्षे मी डिचोलीत बसून दरवर्षी त्यांतल्या एका क्लबचा संपूर्ण हंगाम वहीत लिहून काढतो. सामने नुसते पाहिले की लक्षात फक्त शेवट राहतो, आणि शेवट कळल्यावर मागचे सगळे आपोआप ठरलेलेच होते असे वाटू लागते. वही हा भ्रम मोडते. पाचव्या फेरीच्या रात्री आपल्याला काय ठाऊक होते आणि काय ठाऊक नव्हते, हे आपल्याच अक्षरांत समोर असले म्हणजे हंगाम कसा घडला ते खरोखर दिसते. ज्यांना असे करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

क्लब आधी ठरवावा, आणि मग बदलू नये

पहिला निर्णय क्लबचा. तो हंगाम सुरू होण्यापूर्वी घ्यावा, कारण चार फेऱ्या झाल्यावर निवडलेला क्लब हा बहुधा त्या क्षणी जिंकत असलेला क्लब असतो, आणि मग आपण हंगाम लिहीत नाही, नुसती वर्दी देतो. सर्वाधिक विजेतेपदे माल्म्योकडे आहेत. हा क्लब १९७९ साली युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला होता, आणि झ्लाटान इब्राहिमोविचची व्यावसायिक कारकीर्द येथूनच सुरू झाली. गोथेनबर्गच्या आयएफके योतेबोरीने १९८२ आणि १९८७ असा दोनदा युएफा चषक जिंकला आहे. राजधानी स्टॉकहोमच्या परिसरात एआयके, यूर्गोर्देन आणि हम्मारबी हे तीन मोठे शेजारी आहेत, आणि त्यांच्या आपसांतील सामन्यांचा माहोल वेगळाच असतो. हम्मारबीच्या पाठीराख्यांची निष्ठा अशी की २००१ सालच्या एकमेव विजेतेपदावर ते इतकी वर्षे तग धरून आहेत.

माझा सल्ला मात्र असा की पहिल्या वर्षी यांपैकी बलाढ्य क्लब घेऊ नये. आदल्या वर्षी सहाव्या ते बाराव्या स्थानाच्या दरम्यान राहिलेला क्लब घ्यावा. अशा क्लबला वरची आशाही असते आणि खालची धास्तीही असते, त्यामुळे तिसाव्या फेरीपर्यंत त्याचा प्रत्येक सामना काही ना काही अर्थ बाळगून असतो. माल्म्योच्या मे महिन्यातील एका बरोबरीविषयी लिहिण्यासारखे फारसे नसते. तळाशी झगडणाऱ्या क्लबच्या त्याच बरोबरीवर एक पान भरते.

लहान क्लबांकडे पाहण्याचे आणखी एक कारण २०२५ सालाने दिले. त्या वर्षी म्येल्बी या क्लबने अल्स्वेन्स्कान जिंकली. दक्षिण स्वीडनच्या ब्लेकिंगे प्रांतात समुद्रकाठी हेल्लेविक नावाचे मच्छीमारांचे गाव आहे, त्याची वस्ती आपल्याकडच्या एखाद्या मध्यम वाड्याएवढी. तेथील स्ट्रांडवालेन या छोट्या मैदानावर हा क्लब खेळतो. १९३९ साली स्थापन झालेला हा क्लब २०१६ साली तिसऱ्या श्रेणीत धडपडत होता, २०१९ साली दुसरी श्रेणी जिंकून वर आला, २०२४ साली पाचवा आला, आणि २०२५ साली ३० सामन्यांत २३ विजय, ६ बरोबऱ्या आणि अवघा १ पराभव अशी कामगिरी करून त्याने ७५ गुण मिळवले. अल्स्वेन्स्कानमध्ये इतके गुण त्याआधी कोणालाही मिळाले नव्हते. त्या हंगामातले प्रशिक्षक आंदेश तोर्स्तेन्सोन हे एकेकाळी शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि त्यांचे तेव्हाचे साहाय्यक कार्ल मारियुस आक्सुम यांनी खेळाडू मैदानावर नजर कशी फिरवतो या विषयावर डॉक्टरेट मिळवली आहे. ज्याने देवळामागच्या मोकळ्या जागेत किंवा चर्चसमोरच्या मैदानावर आपल्या वाड्याचा संघ शहरातल्या संघाला हरवताना पाहिला आहे, त्याला म्येल्बीचे मोल समजावून सांगावे लागत नाही. ज्या कोणी मार्च २०२५ मध्ये हा क्लब निवडून पहिल्या फेरीपासून वही ठेवली असेल, त्याच्याकडे आज फार मोलाचा ऐवज आहे.

हंगामाचा सांगाडा

वहीच्या पहिल्या पानावर स्पर्धेची रचना लिहून ठेवावी, म्हणजे पुढे प्रत्येक वेळी शोधाशोध करावी लागत नाही. अल्स्वेन्स्कानची सुरुवात १९२४ साली झाली. २००८ पासून तीत १६ क्लब आहेत. प्रत्येक क्लब उरलेल्या १५ क्लबांशी एकदा घरी आणि एकदा बाहेर खेळतो, म्हणून एका क्लबचे ३० सामने होतात. प्रत्येक फेरीत ८, आणि सगळे मिळून २४०. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. गुण समान झाले तर आधी गोलफरक, म्हणजे केलेल्या गोलांतून झालेले गोल वजा करून उरणारा आकडा, पाहतात, आणि तोही समान असेल तर एकूण केलेले गोल. शेवटचे दोन क्लब थेट दुसऱ्या श्रेणीत जातात, आणि खालून तिसऱ्या, म्हणजे १४ व्या क्लबला दुसऱ्या श्रेणीतील तिसऱ्या क्रमांकाच्या क्लबशी दोन सामन्यांची लढत खेळून आपली जागा राखावी लागते. या लढतीला ते लोक क्वाल म्हणतात.

वरच्या टोकाला विजेत्या क्लबला चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेऱ्यांत प्रवेश मिळतो, आणि त्याखालच्या काही क्लबांना तसेच स्वीडिश चषक जिंकणाऱ्या क्लबला युरोपातील इतर स्पर्धांचे दार उघडते. हा चषकही ध्यानात ठेवावा, कारण त्याचे गटसामने फेब्रुवारी-मार्चमध्ये, साखळी सुरू होण्याआधी होतात आणि अंतिम सामना मे महिन्यात असतो. नवा प्रशिक्षक संघ कसा मांडणार आहे, याची पहिली खूण गटसामन्यांतच मिळते. म्हणून वहीची पहिली नोंद फेब्रुवारीतली असावी.

पदकांच्या बाबतीत एक फसवी गोष्ट आहे. स्वीडनमध्ये विजेत्याला सुवर्ण, दुसऱ्याला मोठे रौप्य, तिसऱ्याला छोटे रौप्य आणि चौथ्याला कांस्य अशी रीत आहे. त्यामुळे एखाद्या स्वीडिश बातमीत क्लबने कांस्य मिळवले असे वाचले तर तो तिसरा आला असे लिहू नये. तो चौथा आलेला असतो.

आणखी एक गोष्ट पहिल्या पानावर यायलाच हवी, कारण तिच्याशिवाय स्वीडिश क्लबचे वागणे कळत नाही. तेथील नियमानुसार क्लबमधील मतांचे बहुमत, म्हणजे किमान ५१ टक्के, सदस्यांच्या संस्थेकडेच राहिले पाहिजे. कोणी कितीही पैसा ओतला तरी क्लब त्याच्या मालकीचा होत नाही. गोव्यातील माणसाने या नियमाकडे बारकाईने पाहावे. आपले धेंपो आणि साळगावकर हे क्लब उद्योगघराण्यांनी उभे केले, जोपासले आणि देशभर नावारूपाला आणले, आणि २०१६ साली त्यांनी राष्ट्रीय साखळीतून अंग काढून घेतले तेव्हा मैदानाबाहेर उभ्या असलेल्या प्रेक्षकाच्या हातात काहीच नव्हते. स्वीडनमध्ये प्रेक्षकाला मत असते. क्लबच्या वार्षिक सभेत सदस्य हात वर करतात आणि त्याप्रमाणे घडते. व्हिडिओवरून पंचांचा निर्णय तपासण्याची पद्धत युरोपातील बहुतेक मोठ्या साखळ्यांनी घेतली तरी २०२५ च्या हंगामापर्यंत अल्स्वेन्स्कानमध्ये ती आली नाही, त्याचे कारण हेच की क्लबांच्या सदस्यांनी तिच्या विरोधात मत दिले. म्हणून हंगामाच्या तोंडावर होणाऱ्या वार्षिक सभेत काय ठरले, त्याच्या दोन ओळी सामन्याच्या नोंदीइतक्याच मोलाच्या समजाव्यात.

घड्याळ आणि नावे

स्वीडनचे घड्याळ वर्षातून दोनदा सरकते. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते एक तास पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे येते. उन्हाळी वेळेत आपण त्यांच्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतो, हिवाळी वेळेत साडेचार तास. म्हणजे मे महिन्यात तिकडे दुपारी २ वाजता सुरू होणारा सामना आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला, साडेचारचा सामना रात्री ८ वाजता, आणि सोमवारचा ७ वाजताचा सामना रात्री साडेदहाला. अगदी शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत याच वेळा आपल्याकडे एक तासाने उशिरा येतात. हंगामाचा पहिला आठवडा आणि घड्याळाचा बदल बहुधा एकमेकांना खेटूनच येतात. एका वर्षी मी आदल्या आठवड्यातील चषकाच्या सामन्याच्या हिशेबाने जेवण उरकून सावकाश बसलो, तेव्हा पहिल्या फेरीच्या सामन्याचा पूर्वार्ध संपला होता. त्या रात्रीची माझी नोंद अर्धी आहे आणि ती मी अर्धीच ठेवली आहे. तेव्हापासून वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर दोन्ही तारखा आणि दोन्ही फरक लाल शाईने लिहितो.

नावांच्या उच्चारासाठी थोडे कष्ट घ्यावेत, कारण आपण देवनागरीत लिहिणार आहोत आणि देवनागरीत जसे लिहू तसेच वाचले जाते. रोमन 'ए'च्या डोक्यावर छोटे वर्तुळ असेल तर तो बहुधा 'ओ' होतो. 'ए'वर दोन टिंबे असतील तर 'ए'कार. 'ओ'वर दोन टिंबे असतील तर ओठ गोल करून उच्चारलेला 'ए' आणि 'ओ' यांच्या मधला स्वर, ज्याला आपल्या लिपीत चोख चिन्ह नाही. 'जे'चा उच्चार 'य' होतो, म्हणून म्येल्बी आणि यूर्गोर्देन. शब्दाच्या शेवटी येणारे 'आरजी' हे 'री'सारखे ऐकू येते, म्हणून योतेबोरी आणि एल्फ्सबोरी. नॉर्शोपिंग या शहराच्या नावात 'क'चा 'श' होतो, हे कळायला मला एक पूर्ण हंगाम लागला. नकाशावर किंवा वृत्तपत्रात रूढ झालेले नाव वेगळे असेल तर पहिल्यांदा दोन्ही लिहावीत आणि पुढे एकच रूप पाळावे.

चार-पाच स्वीडिश शब्द ओळखता आले तरी क्लबच्या संकेतस्थळावरचे वेळापत्रक वाचता येते. हेम्मा म्हणजे घरचा सामना, बोर्ता म्हणजे बाहेरचा, ओमगोंग म्हणजे फेरी, मोल म्हणजे गोल, आणि गुल्द म्हणजे सुवर्ण, अर्थात विजेतेपद.

वही आणि रोजची नोंद

मी हिशेबाची लांबट वही वापरतो, बाजारात दुकानदार वापरतात तशी, कारण तिच्यात रकाने आयतेच आखलेले असतात. प्रत्येक सामन्याला समोरासमोरची दोन पाने द्यावीत. डावीकडे आकडे, उजवीकडे मजकूर. डाव्या पानावर फेरीचा क्रमांक, तारीख, दोन्हीकडच्या वेळा, घर की बाहेर, मैदानाचा पृष्ठभाग, निकाल, गोल कोणत्या मिनिटाला आणि कोणी केले, बदली खेळाडू कधी आले, आतापर्यंतचे गुण, आतापर्यंतचा गोलफरक आणि त्या रात्रीचे स्थान.

मैदानाच्या पृष्ठभागाचा रकाना अनेकांना जादा वाटेल, पण तो गाळू नये. थंडीमुळे स्वीडनमध्ये बरेच क्लब कृत्रिम गवतावर खेळतात. एल्फ्सबोरी, हेकन, आणि स्टॉकहोममध्ये एकाच मैदानावर घरचे सामने खेळणारे हम्मारबी व यूर्गोर्देन ही त्यांतली ठळक नावे. माल्म्यो आणि म्येल्बी नैसर्गिक गवतावर खेळतात. म्हापशाच्या डुलेर मैदानावर ज्यांनी चेंडू पाहिला आहे त्यांना हा फरक डोळ्यांनी ठाऊक आहे: कृत्रिम गवतावर चेंडू सरळ आणि वेगाने धावतो, टप्पा वेगळा पडतो, आणि लांब पास पायात घेण्याचा अंदाज चुकतो. आपला क्लब बाहेर हरला असे दहा ठिकाणी लिहिल्यावर एखाद्या दिवशी रकाना उभा वाचला, आणि तो मुख्यतः कृत्रिम गवतावरच हरला आहे असे आढळले, तर त्या एका शोधासाठी सगळा खटाटोप सार्थकी लागतो.

उजव्या पानावरचा मजकूर सामना संपल्यावर त्याच रात्री लिहावा. उद्यावर टाकू नये, कारण सकाळपर्यंत आपण इतरांचे वाचतो आणि मग दुसऱ्याचे मत आपल्या अक्षरांत उतरते. वीज गेली आणि उत्तरार्ध पाहता आला नाही, तर तसेच लिहावे. तीन प्रश्नांची उत्तरे मी नेहमी लिहितो: संघ आज कसा मांडला होता, सामना कोणत्या मिनिटाला फिरला, आणि मला पुढच्या फेरीविषयी काय वाटते. तिसरे उत्तर चुकणारच. ते नंतर खोडू नये, बाजूला टीप जोडू नये. चुकलेले अंदाजच पुढे सर्वांत जास्त उपयोगी पडतात.

माझ्या २०२५ च्या वहीतील एक नोंद येथे उतरवतो, म्हणजे आकार कळेल. 'फेरी २७. सोमवार, २० ऑक्टोबर. बाहेर, गाम्ला उल्लेवी, यजमान आयएफके योतेबोरी. निकाल २-०, म्येल्बीचा विजय. आघाडी ११ गुणांची, उरलेले सामने ३, म्हणजे मागच्या क्लबला मिळू शकणारे जास्तीत जास्त गुण ९. विजेतेपद निश्चित, क्लबच्या इतिहासातील पहिले.' एवढे डाव्या पानावर आहे. उजवीकडे लिहिले आहे की तो दिवस नरकचतुर्दशीचा होता, पहाटे नरकासुर जाळून आलेली मुले दिवसभर पेंगत होती, उंबऱ्यापाशी पायाखाली चिरडलेल्या कारिटाची साल अजून तशीच पडली होती, ताटात सकाळचे गुळाचे पोहे उरले होते, आणि रात्री साडेबाराच्या सुमारास हजारभर वस्तीच्या गावातल्या क्लबने स्वीडन जिंकले. घरातल्या या गोष्टी लिहाव्यात की नाही, असा प्रश्न पडेल. लिहाव्यात. वही आपण गोव्यात बसून ठेवतो आहोत, आणि पाच वर्षांनी तीच एक ओळ संपूर्ण सामना डोळ्यांसमोर उभा करते.

उन्हाळ्यातली उलथापालथ

हंगामाच्या मध्यावर, आपल्याकडे आषाढ-श्रावण चालू असताना, युरोपातील श्रीमंत क्लबांची खरेदी सुरू होते. त्यांचा नवा हंगाम ऑगस्टमध्ये असतो, म्हणून त्यांना तो काळ सोयीचा. स्वीडिश क्लबचा मात्र अर्धा हंगाम उरलेला असतो. त्यामुळे एप्रिलमध्ये ज्या आघाडीवीराभोवती संघ उभा केला तो ऑगस्टमध्ये असेलच अशी खात्री नसते. यूर्गोर्देनचा लुकास बेरीवाल हा मधल्या फळीतला मुलगा २०२४ च्या फेब्रुवारीत टॉटनहॅमला विकला गेला, पण प्रत्यक्ष गेला तो जुलैमध्ये, अर्धा हंगाम खेळून. एआयकेचा अलेक्झांडर इसाक याच्या बाबतीत उलट घडले: २०१६ साली सोळा-सतरा वर्षांच्या वयात त्याने अल्स्वेन्स्कानमध्ये १० गोल केले आणि हंगाम संपल्यावर, जानेवारी २०१७ मध्ये, तो बोरुसिया डॉर्टमुंडला गेला, म्हणून एआयकेचा तो हंगाम अखंड राहिला.

यासाठी वहीत मधोमध एक पान राखून ठेवावे. कोण गेला, कोण आला, कोण उसना आला, आणि गेलेल्या खेळाडूने तोपर्यंत किती सामन्यांत किती गोल केले होते, एवढे त्यावर लिहावे. मग पुढच्या पाच फेऱ्या फार बारकाईने पाहाव्यात. माझ्या मते स्वीडिश हंगामाचे खरे पाणी याच पाच फेऱ्यांत जोखले जाते, आणि गुणतक्ता नुसता पाहणाऱ्याच्या नजरेतून नेमक्या याच निसटतात.

युरोपच्या सामन्यांचाही हिशेब याच ठिकाणी गुंततो. नोव्हेंबरमध्ये कमावलेली जागा पुढच्या जुलैमध्ये खेळायची असते, तोवर संघ बदललेला असतो. आणि क्लब पुढे जात राहिला तर ती मोहीम दोन स्वीडिश हंगामांवर पसरते. यूर्गोर्देन मे २०२५ मध्ये कॉन्फरन्स लीगच्या उपान्त्य फेरीत चेल्सीशी खेळला, घरी १-४ आणि लंडनमध्ये ०-१ असा हरला. पण त्या मोहिमेची सुरुवात आदल्या उन्हाळ्यात झाली होती, आणि उपान्त्य सामने आले तेव्हा नवा हंगाम जेमतेम पाच-सहा आठवड्यांचा होता. युरोपचे सामने मी वेगळ्या शाईने लिहितो आणि त्यांच्या लगेच पुढचा साखळी सामना चौकटीत घेतो. थकलेला संघ कसा खेळतो ते त्या चौकटींत दिसते.

पाच-पाच फेऱ्यांचा हिशेब आणि शेवटची रात्र

प्रत्येक पाच फेऱ्यांनंतर एक आडवी रेघ ओढून बेरीज करावी. ३० फेऱ्यांचे असे सहा तुकडे होतात, आणि प्रत्येकात जास्तीत जास्त १५ गुण. २०२५ च्या म्येल्बीची सरासरी तुकड्यामागे साडेबारा पडते. २०२३ साली ६४ गुण विजेतेपदाला पुरले, म्हणजे तुकड्यामागे अकराच्या जरा आत. तळाशी सामन्यामागे एक गुण ही काठावरची रेषा धरून चालावे. तुकड्यात पाचांहून कमी पडू लागले की धास्ती खरी. स्थानापेक्षा हे तुकडे अधिक प्रामाणिक असतात, कारण स्थान इतरांच्या निकालांवरही ठरते.

गोलफरकाचा रकाना मात्र कधीही चुकवू नये, आणि त्याचे कारण २०२३ ची शेवटची फेरी आहे. १२ नोव्हेंबर २०२३, रविवार. त्याही वर्षी त्याच दिवशी पहाटे नरकासुर जळले होते आणि संध्याकाळी घरोघर लक्ष्मीपूजन होते. एल्फ्सबोरी तीन गुणांनी पुढे होता आणि शेवटचा सामना माल्म्योच्या घरी, खुद्द माल्म्योशीच होता. बरोबरी पुरली असती. माल्म्योने इसाक किएसे तेलीनच्या गोलावर १-० असा विजय मिळवला, दोघांचे गुण ६४ झाले, आणि सरस गोलफरकावर सुवर्ण माल्म्योला गेले. एल्फ्सबोरीचा हंगाम ज्याने लिहिला असेल त्याने त्या रात्री मागची पाने उलटून पाहिलीच असतील: सामना हातात असताना न मारलेला तिसरा गोल, पराभव ठरल्यावर सैल सोडलेला शेवटचा गोल, यांची किंमत एप्रिलमध्ये कोणी केली नव्हती. म्हणून निकाल ठरून गेल्यानंतरच्या मिनिटांत झालेल्या गोलाखाली मी बारीक रेघ ओढतो.

शेवटच्या फेरीतले सगळे सामने एकाच वेळी सुरू होतात. त्या रात्री एक कोरे पान घेऊन त्यावर आपल्या क्लबला लागणारे निकाल आधीच लिहून ठेवावेत, म्हणजे तीन-चार ठिकाणचे गोल येऊ लागले तरी गोंधळ होत नाही.

वहीवरून लेख

हंगाम संपल्यावर पंधरा दिवस वही मिटून ठेवावी. मग सलग वाचावी आणि संपूर्ण हंगामाचा एक लेख लिहावा. आपल्या वृत्तपत्रांत किंवा दिवाळीनंतरच्या एखाद्या अंकात स्वीडनविषयी मजकूर क्वचितच येतो, त्यामुळे वाचकाला तो नवा वाटतो. लेखाची सुरुवात पहिल्या फेरीपासून करण्याचे बंधन नाही. वहीत ज्या तीन रात्री आपला अंदाज सर्वांत वाईट रीतीने चुकला, त्या तीन रात्री शोधाव्यात. हंगामाचे सांधे तेथेच असतात. त्यांच्या भोवती उरलेले सामने थोडक्यात मांडावेत, तीसच्या तीस सामने सांगण्याचा हट्ट धरू नये. आकडे लिहिताना प्रत्येक आकडा अधिकृत गुणतक्त्याशी ताडून घ्यावा, पण त्या रात्रीचे मत तसेच ठेवावे, आणि ते चुकले होते असे वाचकाला स्पष्ट सांगावे.

आपला क्लब १४ वा आला असेल तर वही अजून मिटवायची नाही, कारण क्वालचे दोन सामने उरलेले असतात आणि वर्षभराचे काम त्या १८० मिनिटांवर टांगलेले असते. त्यांच्यासाठी चार पाने आधीपासूनच कोरी सोडावीत. त्यांची गरज पडली नाही तर त्याच पानांवर डिसेंबरमध्ये करार संपून जाणाऱ्या खेळाडूंची यादी आणि फेब्रुवारीतील चषकाच्या गटसामन्यांच्या तारखा लिहाव्यात.